कॉस्प्ले : वेष आमचा, मर्जीही आमची



कपडा ही आपल्या समाजासाठी कधीच साधी गोष्ट नव्हती. कोणी काय नेसावं, कुठपर्यंत नेसावं, अंगावर कोणत्या धातूचा दागिना असावा, हे या देशात जातीने ठरवलं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांना मेलेल्या माणसांची वस्त्रं आणि लोखंडाचे दागिने नेमून दिले आहेत. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं असे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये लिहून ठेवलं. त्याच ग्रंथात इंदूर भागातल्या बलाई समाजाची १९२८ सालची हकीकत आहे. जरीच्या काठाचं पागोटं घालायचं नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, असे हुकूम तिथल्या सवर्णांनी काढले होते. हे जुनं झालं, असं कोणी म्हणेल. मग २०१७ साली गुजरातमध्ये मिशा ठेवल्या म्हणून दलित तरुणांना मारहाण झाली, ती कोणत्या युगातली?

अशा इतिहासाची माणसं रविवारी सकाळी घराचं दार लावून घेतात, स्वतःच्या हाताने शिवलेला वेष अंगावर चढवतात आणि एकमेकांचे फोटो काढतात. याला 'पोरखेळ' म्हणून बाजूला सारायला आम्ही तयार नाही. म्हणून हा लेख.

या छंदाचं नाव कॉस्प्ले. कॉस्च्यूम आणि प्ले हे दोन शब्द जोडून जपानमध्ये नोबुयुकी ताकाहाशी यांनी १९८० च्या दशकात हा शब्द घडवला. गोष्ट मात्र त्याहून जुनी. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथा वाचकांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, तेव्हा फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल जोन्स भविष्यकाळातल्या माणसांचे कपडे घालून तिथे हिंडले होते. ते कपडे मर्टल जोन्स यांनीच तयार केले होते. आपल्याकडे २०११ पासून दिल्लीत कॉमिक कॉन भरू लागलं, पुढे मुंबईलाही भरू लागलं आणि तरुण पोरं मांगा, अ‍ॅनिमे, सिनेमा यांतल्या पात्रांचे वेष करून तिथे जाऊ लागली. आम्ही तिथे जात नाही. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावाहून मुंबईचं भाडं, तिकीट, राहणं हे सगळं आमच्या खिशाला जड आहे. आमचा कॉस्प्ले घरात होतो. आम्ही तिघं : आम्ही दोघं नवराबायको आणि शिक्षणासाठी आमच्याकडे राहणारी अकरावीतली पुतणी. प्रेक्षक एकच, आमची म्हातारी आई.

गेल्या वर्षभरात चळवळीतल्या काही साथींना हे कळलं आणि आक्षेप सुरू झाले. काही समोर आले, काही पाठीमागे. माणसं आपली आहेत, तळमळीची आहेत. म्हणूनच उत्तर द्यायचं. परक्याच्या टोमण्याला उत्तर देण्यात आम्ही वेळ घालवत नाही.

आक्षेप पहिला : समाज जळतोय आणि तुम्हाला फोटो सुचतात?

हा आक्षेप आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने घेतला. "भाऊ, तुम्ही कार्यकर्ते माणसं. अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, पोरांच्या शिष्यवृत्त्या अडकल्यात आणि तुम्ही घरात सोंगं करता?" हे त्यांचे शब्द.

केसेस पडून आहेत, हे खरं. त्यातल्या काहींच्या तारखांना आम्ही जातो. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यायला आमच्या ओसरीवर पोरं बसतात. ते काम सोडून हा छंद चालत नाही, त्या कामातून उरलेल्या वेळात चालतो. पण आमचं म्हणणं याहून पुढचं आहे. समजा, एखादा भीमसैनिक एकही केस पाहत नाही, दिवसभर राबतो आणि रविवारी फक्त आनंदासाठी काही करतो. त्याला तो हक्क नाही का? ब्राह्मणाच्या घरातला माणूस सतार शिकतो तेव्हा त्याला कोणी विचारत नाही की तुझ्या समाजाचे प्रश्न संपले का. आमच्याच माणसाने प्रत्येक रिकाम्या तासाचा हिशोब का द्यायचा?

फुरसत ही या देशात वरच्या जातींची मिरास होती. शूद्राने राबायचं आणि द्विजाने रिकाम्या वेळात काव्य, संगीत, शास्त्र करायचं, ही विभागणी. बाबासाहेबांनी ती नेमकी ओळखली होती. १९४५ सालच्या काँग्रेस आणि गांधींवरच्या आपल्या ग्रंथात गांधीवादाचा समाचार घेताना ते यंत्राची बाजू घेतात, ती याच मुद्द्यावर. पशूच्या जिण्यातून सुटून माणसाला संस्कृतीचं जीवन जगायचं असेल तर त्याला फुरसत हवी आणि ती यंत्रामुळे मिळू शकते, असं त्यांचं प्रतिपादन आहे. ज्यांना चरख्याचं आणि साधेपणाचं कौतुक होतं त्यांना हे झोंबलं. आम्हाला मात्र त्यातून एक गोष्ट कळते. कष्टकऱ्याच्या पोराला पोटापलीकडचा वेळ मिळणं हा लोकशाहीचाच प्रश्न आहे. स्वतः बाबासाहेबांना फाउंटन पेनांची हौस होती, पुस्तकांची तर होतीच होती. उतारवयात त्यांनी व्हायोलिन शिकायला घेतलं. तेव्हा समाजाचे प्रश्न काय संपले होते?

आक्षेप दुसरा : सोंगं घेण्यातून तर बाबासाहेबांनी आपल्याला बाहेर काढलं

हा आक्षेप जास्त गंभीर आहे. तो आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी घेतला आणि आम्हाला विचार करायला लावलं.

महाराष्ट्रात वेष घेऊन दुसऱ्याचं मन रमवणं हे कोणाच्या वाट्याला आलं? बहुरूपी समाज पोटासाठी गावोगाव रूपं घेत फिरला. लोक हसले, पसाभर धान्य टाकलं आणि गावाबाहेरची वाट दाखवली. तमाशाच्या फडात महार, मांग, कोल्हाटी समाजाच्या बाया नाचल्या आणि पुढे बसलेल्यांनी दौलतजादा केला. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, तरी अखेरची वर्षं हलाखीतच गेली. पठ्ठे बापूरावांनी तमाशातून आलेला पैसा देऊ केला तेव्हा बाबासाहेबांनी तो घेतला नाही, अशी आठवण आपल्याकडे सांगितली जाते. गुरुजींचा रोख त्यावर होता.

पण नकार कशाला होता, ते नीट पाहिलं पाहिजे. आपल्या बायकांना दुसऱ्यांच्या नजरेपुढे उभं करून मिळालेल्या पैशाला तो नकार होता. कलेलाच नकार असता तर भीमराव कर्डकांचे जलसे चळवळीचा आवाज झाले असते का? त्या जलशांमध्येही माणसं वेष करतच होती. फरक काय होता? तमाशात वेष कोणता, नाच कोणता आणि कोणापुढे, हे पैसा टाकणारा ठरवत होता. जलशात ते कलावंत ठरवत होता.

आमच्या घरात तर पैसा टाकणाराच नाही. सुपारी नाही, टाळी नाही, पाहुणाही नाही. वेष घेणाराच मालक आणि वेष घेणाराच प्रेक्षक. जातीने लादलेलं सोंग आणि मर्जीने घेतलेला वेष ही दोन टोकं आहेत. ती एक समजणं म्हणजे गावकीची चाकरी आणि स्वतःच्या शेतातली मेहनत एकच समजण्यासारखं आहे. दोन्हींत घाम येतो म्हणून काय झालं?

महाडचं उदाहरण घ्या. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली, हे आपल्या लहान पोरांनाही पाठ असतं. त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेब स्त्रियांशी काय बोलले, ते कमी सांगितलं जातं. लुगडं नेसण्याची आखूड पद्धत आणि गळ्या-हातातले ते ठरावीक दागिने या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत, त्या टाका, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी ते तिथल्या तिथे मनावर घेतलं आणि लुगडं घोट्यापर्यंत नेसून घराकडे निघाल्या. ज्या पुस्तकाने मेलेल्याचे कपडे नेमून दिले ते जाळायचं आणि त्याच मुक्कामात अंगावरचा कपडा बदलायचा! माणूस आपलं रूप स्वतः ठरवू शकतो, हे त्या मायमाउल्यांनी प्रत्यक्ष करून दाखवलं.

आक्षेप तिसरा : ही परकी पात्रं कशाला? आपले महापुरुष नाहीत का?

आहेत. आणि म्हणूनच आम्ही त्यांना या छंदात आणत नाही. १४ एप्रिलला वस्तीतलं लेकरू निळा कोट, चष्मा, हातात संविधान अशा वेषात मंचावर उभं राहतं, ३ जानेवारीला एखादी चिमुरडी सावित्रीमाई होते, तेव्हा आमचाही ऊर भरून येतो. तो सार्वजनिक अभिवादनाचा भाग आहे, त्याची शिस्त आहे. रविवारच्या खेळात मात्र मोकळेपणा लागतो. हसता आलं पाहिजे, तोंड वाकडं करता आलं पाहिजे, केसांचा टोप घसरला तर खिदळता आलं पाहिजे. ते आम्ही बाबासाहेबांच्या वेषात करणार नाही. दोन्ही जागा वेगळ्या ठेवल्या की दोन्हींचा मान राहतो.

आणि परकी पात्रं म्हणजे कोणती, ते तरी बघा. पुतणीला आवडणारा नारुतो हा मासाशी किशिमोतोंच्या १९९९ ते २०१४ चाललेल्या मांगाचा नायक. गावाने वाळीत टाकलेलं अनाथ पोर. त्याच्या अंगात शाप आहे म्हणून मोठी माणसं आपल्या लेकरांना त्याच्याशी खेळू देत नाहीत. हे आमच्या पोरांना समजावून सांगावं लागतं का? हाजिमे इसायामांच्या 'अटॅक ऑन टायटन'मध्ये एल्डियन लोकांना कुंपणाच्या वस्तीत ठेवलेलं आहे आणि दंडावर पट्टा बांधल्याशिवाय त्यांना बाहेर पडता येत नाही. पट्टा नसेल तर शिक्षा. 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये झाडू-मडक्याच्या शेजारीच अस्पृश्यांच्या मनगटात किंवा गळ्यात सक्तीच्या काळ्या दोऱ्याचा उल्लेख आहे. पुतणीने तो उतारा आणि ते मांगा एकाच महिन्यात वाचलं. दोन्हींतला धागा तिला आम्ही दाखवला नाही. तिनेच आम्हाला दाखवला.

जपान हा आपल्याला वाटतो तितका परकाही नाही. तिथे बुराकुमिन नावाचा समाज आहे. कातडी कमावणं, मेलेली जनावरं ओढणं या कामांमुळे त्यांना अपवित्र ठरवलं गेलं, वेगळ्या वस्त्यांत ठेवलं गेलं, त्यांच्या कपड्यांवरही बंधनं होती. १८७१ साली कायद्याने ती अवस्था संपली, पण लग्नाच्या आणि नोकरीच्या वेळी वस्तीचा पत्ता विचारणं थांबलं नाही. ३ मार्च १९२२ ला क्योतो शहरात त्यांनी सुइहेशा, म्हणजे समतेची संघटना उभी केली. आपला महाडचा सत्याग्रह त्यानंतर पाचच वर्षांनी झाला. ज्या देशातून हा छंद आला, त्याच देशात आपल्यासारखी माणसं आपल्याच काळात लढत होती, हे आपल्या किती पोरांना माहीत आहे?

अमेरिकेकडे वळा. दलित पँथरने १९७२ साली नाव घेतलं ते ब्लॅक पँथर पक्षाकडून. तो पक्ष १९६६ चा. ब्लॅक पँथर नावाचा चित्रकथेतला राजाही त्याच वर्षी छापून आला आणि २०१८ साली त्याच्यावर सिनेमा निघाला. त्याच्या वेषभूषेसाठी रूथ कार्टर यांना ऑस्कर मिळालं. तो विभागातला पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय. पण कॉस्प्लेच्या जगातही वर्णभेद आहेच. चाका कंबरबॅच या कृष्णवर्णीय मुलीने सेलर व्हीनस हे जपानी पात्र केलं, तेव्हा तिच्या रंगावरून लोकांनी तिला घालूनपाडून बोलून घेतलं. तिने २०१३ साली त्यावर उघड लेख लिहिला आणि २०१५ पासून फेब्रुवारीचे अठ्ठावीस दिवस काळ्या कॉस्प्ले करणाऱ्यांचे फोटो पुढे आणायची मोहीम सुरू केली. रंग जुळत नाही म्हणून पात्र नाकारणारे तिथेही आहेत. आणि नकार न मानणारेही आहेत.

रंगाचा प्रश्न आमच्या घरातही आला होता

पुतणी सहावीत असताना तिच्या तेव्हाच्या शाळेत स्नेहसंमेलनाचं नाटक बसलं होतं. राजकन्येचे सगळे संवाद तिला पाठ होते. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू दासी हो, तुला शोभेल." एक तबक धरून उभं राहायचं आणि एकच वाक्य बोलायचं. त्याच कार्यक्रमात 'आदिवासी नृत्य' होतं, त्यासाठी गोऱ्या मुलींच्या तोंडाला काळं फासलं होतं. म्हणजे राजकन्या व्हायला रंग आड येतो आणि आदिवासी व्हायला रंग फासून मिळतो! कोणी जातीचा शब्द उच्चारला नाही. उच्चारायची गरजच काय होती? पोर घरी येऊन काही बोलली नाही, फक्त पुढच्या वर्षीपासून तिने नाटकात नाव दिलं नाही.

मोठे निर्मातेही तेच करतात. २०१९ च्या 'बाला' सिनेमात सावळ्या मुलीच्या भूमिकेसाठी गोऱ्या नटीला रंग फासला आणि त्यावर टीका झाली. सावळी नटी मिळत नव्हती, यावर विश्वास ठेवायचा का?

म्हणून आमच्या घरात काही नियम आहेत आणि ते पुतणीनेच कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवले आहेत. पात्र कोणत्याही रंगाचं असो, आपण आपला रंग बदलायचा नाही, काळाही करायचा नाही आणि गोराही नाही. फोनमधलं चेहरा उजळणारं फिल्टर बंद. कोणत्याही जिवंत समाजाचा पोशाख 'वेष' म्हणून घालायचा नाही; बंजारा बाईचा घागरा किंवा गोंड माणसाची पिसं ही तिची-त्याची ओळख आहे. ज्याचा फोटो आहे त्याला तो नको वाटला तर तो त्याच क्षणी पुसायचा, चर्चा नाही.

हे करायला काय लागतं?

पैसा वाटतो त्याहून कमी लागतो, हात मात्र लागतात. बाजारात तयार वेष आणि केसांचे टोप हजारोंच्या किमतीला मिळतात. तो बाजार आम्हालाही दिसतो. त्याला आमचं उत्तर म्हणजे घरचं शिवणयंत्र. हिरव्या टेरीकॉटचा झगा घरात बेतला, टिपा मारल्या, खालच्या घेराला हाताने तुरपाई केली. पाठीवरचं पंखांचं चिन्ह पांढऱ्या आणि निळ्या कापडाचे तुकडे कापून शिवलं. चिलखत करायचं तर स्टेशनरीच्या दुकानातलं फोम शीट किंवा टाकून दिलेली योगा मॅट चालते. आधी वर्तमानपत्रावर माप काढायचं, ते अंगाला लावून बघायचं, मगच फोम कापायचा. पाती नवी हवी, बोथट पातीने कड फाटते. गरम हवा दिली की फोम वळतो आणि गार होईपर्यंत धरून ठेवला की तसाच राहतो. नंतर फेव्हिकॉलमध्ये पाणी मिसळून दोन-तीन हात द्यायचे, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा, म्हणजे फोम रंग पिऊन टाकत नाही. मग अ‍ॅक्रेलिक रंग. ग्लू गनने बोट भाजतं, म्हणून ती मोठ्यांनी हाताळायची आणि खिडकी उघडी ठेवायची.

आमच्या सौभाग्यवतीने (हा शब्द त्यांना आवडत नाही, म्हणून पुढे सहचारिणी म्हणतो) वकांडाच्या राजाची रक्षक स्त्री केली, डोरा मिलाजे म्हणतात ती. लाल जुन्या साडीचा अंगरखा, त्यावर मणी. मानेतल्या कड्या प्लॅस्टिकच्या नळीला सोनेरी रंग देऊन केल्या. भाला कशाचा? जाळी काढायच्या झाडूचा दांडा. त्यांनी झाडू सोडवून बाजूला ठेवला आणि दांड्याला पुठ्ठ्याचं चंदेरी पातं बांधलं. आमची आई बघत होती. ती म्हणाली, "झाडूच्या दांड्याचं बरं काम केलंस सूनबाई." तिला पेशवाईचा संदर्भ माहीत आहे. आम्हाला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

फोटोला स्टुडिओ लागत नाही. पुढच्या खोलीच्या उत्तरेकडच्या खिडकीतून सकाळी नऊ ते अकरा मऊ उजेड येतो. दुपारच्या थेट उन्हात डोळ्यांखाली काळी सावली पडते, म्हणून ती वेळ टाळायची. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र आले की चेहऱ्याचा रंग बिघडतो, म्हणून ट्यूब बंद. भिंतीला काळी चादर, ती खिडकीपासून आणि माणसापासून थोडी लांब, म्हणजे सुरकुत्या दिसत नाहीत. खिडकीच्या विरुद्ध बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला की चेहऱ्याच्या अंधाऱ्या अंगावर उजेड परततो. सावळ्या चेहऱ्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. फोन आपलं आपण ठरवतो तेव्हा काळ्या चादरीमुळे चित्र जास्त उजळतो आणि चेहरा फिका, धुतल्यासारखा होतो. चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड जरा खाली ओढायचा. मग त्वचेचा खरा रंग, त्यावरची चमक, सगळं येतं. आमच्या रंगाचा फोटो चांगला येत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे करून पाहावं. दोष रंगाचा नसतो.

पट्ट्याचे तीन फोटो ही पुतणीची कल्पना. पहिल्यात एल्डियन मुलीच्या दंडावर पट्टा आहे. दुसऱ्यात ती त्याची सेफ्टी पिन उघडते आहे. तिसऱ्यात दंड मोकळा आहे आणि हातात काही नाही. ती म्हणाली, "काका, तिसऱ्यात हसू नको ना? हसले तर खोटं वाटेल." आम्ही म्हटलं, तू ठरव. ती हसली नाही. आईने ते तिन्ही फोटो चष्मा लावून बराच वेळ पाहिले. मग तिने तिच्या आजीची गोष्ट सांगितली, कथलाच्या वाळ्यांची. एका दिवशी त्या काढून म्हातारीने उकिरड्यावर फेकल्या आणि पायावर राहिलेले वण मरेपर्यंत गेले नाहीत. ही गोष्ट आम्ही पन्नाशीला आलो तरी कधी ऐकली नव्हती. एका जपानी मांगातल्या पट्ट्यामुळे ती आमच्या घरात पोचली.

आक्षेप चौथा : एवढं चांगलं आहे तर जगाला दाखवा

हा आक्षेप तरुणांचा. "फोटो टाका, प्रबोधन होईल, बहुजन पोरांना प्रेरणा मिळेल." हेतू चांगला आहे. तरीही आम्ही टाकत नाही, कारण फोटो ज्या मुलीचे आहेत तिला ते टाकायचे नाहीत. एवढं कारण पुरेसं आहे. पण आपल्या लोकांना पुरेसं वाटत नाही, म्हणून थोडं अधिक.

आमच्या मुलीचा फोटो आणि आडनाव एकत्र दिसलं की खाली काय लिहिलं जातं, ते आम्ही लेखांखाली रोज पाहतो. आमच्या लेखांवर आलेल्या शिव्या आम्ही पचवतो, तो आम्ही निवडलेला रस्ता आहे. सतरा वर्षांच्या मुलीने तो निवडलेला नाही. आणि शिव्या नसत्या, नुसती स्तुती असती, तरी प्रश्न राहतोच. आमच्या माणसाची प्रत्येक गोष्ट उदाहरण का व्हावी? आमचा विद्यार्थी पास झाला की 'प्रेरणादायी', आमची मुलगी नाचली की 'सबलीकरण'. वरच्या जातीच्या मुलीला नुसती मुलगी असण्याची मुभा आहे, आमच्या मुलीने मात्र समाजाचं पोस्टर व्हायचं! खासगीपणा हासुद्धा हक्क आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी तो मूलभूत हक्क मानला, राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमाच्या आधाराने. ज्या समाजाला चावडीवर उभं करून कोणीही जाब विचारू शकत होतं, त्या समाजाला दार लावून घेण्याचं मोल इतरांपेक्षा जास्त कळायला हवं.

मग हा लेख कशाला लिहिला, असंही कोणी विचारेल. लेख पुतणीला वाचून दाखवला, तिने दोन ठिकाणी खोडलं, बाकीचं राहू दिलं. विचार सार्वजनिक, फोटो खासगी. यात विसंगती नाही.

बांधवांनो आणि भगिनींनो, आम्ही कोणाला कॉस्प्ले करा असं सांगत नाही. कोणाला बुद्धिबळ आवडेल, कोणाला कबुतरं पाळावीशी वाटतील, कोणाला नुसतं झोपावंसं वाटेल. आमचं मागणं एवढंच. घरात एखादं पोर पुठ्ठा कापत बसलं असेल, जुन्या ओढणीचा झगा करत असेल, आरशापुढे उभं राहून दुसरंच कोणी होऊन बघत असेल, तर "हे काय धंदे?" म्हणून त्याला हाकलू नका. स्पर्धा परीक्षेचं पुस्तक त्याच्या हातात जरूर द्या. मात्र रविवारची सकाळ त्याच्याकडून हिसकावून घेऊ नका. पिढ्यान्‌पिढ्या आपण काय घालायचं, हे दुसऱ्यांनी ठरवलं. आता आपल्या लेकरांना ते स्वतः ठरवू द्या आणि त्यात चळवळीच्या नावाने आपणच आडवे येऊ नका.

जय भीम! जय संविधान!